टेबलाखालचा आवाज

"धरलं," टेबलाखालून आवाज आला.

काकूंनी बटण दाबलं. खाली पंखा घरघरला, स्क्रीनवर काळं पान आलं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत रोजचा प्रश्न उमटला: नेहमीसारखं सुरू व्हायचं का? याला वेळेत हो म्हटलं नाही, तर कॉम्प्युटर रुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. काकूंनी हो म्हटलं. स्क्रीन निळी झाली आणि एक पांढरं कडं तिच्यावर गोल गोल फिरू लागलं.

टेबलाच्या बाहेर काकांचे नुसते तळवे दिसत होते. बाकीचे काका खाली अंधारात, भिंतीला डोकं टेकवून, मागची जाडी वायर दोन्ही हातांनी वर उचलून पडलेले होते. ती अशी उचलून धरल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू होत नसे. सुरू होताना यंत्राला जोर लागतो, एकदा सुरू झालं की थोडक्यात भागतं. धरणाऱ्याला स्क्रीन दिसत नाही, म्हणून कधी सोडायचं ते खुर्चीतल्या माणसानं सांगायचं. खिडकीच्या पातळ पडद्यातून सकाळ आत झिरपत होती, आणि त्या दुधाळ उजेडात खोलीतल्या वस्तू अजून पुरत्या जाग्या झालेल्या नव्हत्या.

कडं थांबलं. मुलीचा फोटो आला, त्याच्याभोवती कामाच्या फायली उगवल्या. टेबलाखालचा श्वास त्यांना ऐकू येत होता. तो ऐकत त्या थोडा वेळ तशाच बसून राहिल्या.

"सोडा," मग त्या म्हणाल्या.

काका गुडघ्याला हात देत बाहेर आले, शर्ट झटकला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. त्या घरातलं दिवसाचं बोलणं इथं संपलं.

बोलणं म्हणजे हेच दोन शब्द. एक त्यांचा, एक यांचा. सोसायटीतले लोक त्यांना लिफ्टकाका म्हणत, कारण त्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. आणि त्या टायपिस्टकाकू, कारण डॉक्टरांनी रेकॉर्ड करून पाठवलेलं बोलणं त्या घरी बसून टाइप करून देत. दिवसभर कानांवर हेडफोन, आणि हेडफोनात कुणा अनोळखी डॉक्टरांचे संथ आवाज, कुणाचा गुडघा, कुणाचं यकृत, कुणाची उडालेली झोप. शेजारच्यांना वाटे, काय शांत घर आहे. होतंच शांत. नळ ठिबकला तरी कोणत्या खोलीतला, ते कळायचं.

हा अबोला सुरू झाला मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी निघाली त्या दिवशी. जिन्यात उभं राहून काका तिला म्हणाले होते, "सगळं कर, फक्त आईसारखी घुमी होऊ नकोस." काकू दाराआड होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि काकांना दारावरचा काकूंचा हात दिसला. दोघांनीही काही झालंच नाही असा चेहरा केला. घुमी काय, बरं, घुमी कशाला म्हणतात ते दाखवतेच आता, असं काकूंनी मनाशी म्हटलं. आणि खरोखरच दाखवलं.

काकांना वाटलं, दोन दिवसांत निवळेल. निवळलं नाही तेव्हा त्यांनाही ताठा चढला. सुरुवातीला निदान भिंतींचा आधार होता. "ताट वाढलंय," काकू भिंतीला सांगायच्या. "येतो म्हणावं," काका खुर्चीला सांगायचे. पुढे भिंतीशी बोलायचाही कंटाळा आला आणि ताट ठेवल्याचा आवाज पुरू लागला. रागाचं असं असतं, तो कधीच विझून जातो आणि मागे त्याची सवय तेवढी उरते. काकूंचा राग केव्हाच गेला होता. पण इतक्या दिवसांनी तोंड उघडायचं तर त्याला काही निमित्त लागतं, आणि आपणहून उघडायचं तर नाक आडवं येतं.

मग एका हिवाळ्यात कॉम्प्युटर सुरू होईना. काकू बटण दाबून दाबून रडकुंडीला आल्या होत्या. तेव्हा न बोलावता काका आले, मुकाट्यानं टेबलाखाली शिरले, आणि कितीतरी महिन्यांनी त्या घरात माणसाचा आवाज झाला: धरलं. काकूंच्या तोंडून उत्तर आपोआप गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी काकूंना जाग आली तीच त्या शब्दाची वाट पाहत.

स्क्रीन पूर्ण उजळली तरी सोडा म्हणायला त्या मुद्दाम उशीर करत. पहिल्यांदा त्यात थोडा सूड होता, अवघडू दे जरा पाठ. नंतर तसं राहिलं नाही. खाली एक माणूस आपल्या शब्दासाठी थांबलेला आहे, एवढंच त्यांना हवं असायचं. त्या थोड्या वेळात खोली हलकी होई, काठ सुटलेल्या होडीसारखी, आणि दोघंही एकाच होडीत असत.

म्हणून दुरुस्तीचं नाव काकूंनी काढलं नव्हतं. आणि ज्या माणसानं बंद पडलेल्या लिफ्ट चालू करण्यात हयात घालवली, तो माणूस एक ढिली वायर का बसवत नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. म्हातारपणी हात चालत नसेल, असं समजून त्या गप्प राहिल्या.

पण मग कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला. एके दिवशी काका फिरायला गेलेले असताना एक डॉक्टर कुणाच्या तरी हृदयाबद्दल सावकाश सांगत होता, आणि स्क्रीन मिटली. काकू टेबलाखाली शिरल्या. वायर धरली तर बटण लांब, बटणापाशी गेलं तर वायर लांब. काका परत आले तेव्हा त्या जमिनीवर बसल्या होत्या आणि सकाळचं सगळं काम पुसलं गेलं होतं. हे दोनतीनदा झालं. कामं पाठवणाऱ्या ऑफिसमधून फोन आला. तिथली बाई फार गोड बोलली, पण मतलब एवढाच होता की पुन्हा असं झालं तर फायली दुसऱ्या कुणाला तरी जातील.

मुलीला कळायचं ते कळलंच. फोनवर ती आधी हसत सुटली. "कॉम्प्युटर सुरू करायला दोन माणसं? रहाट आहे का तो?" मग गंभीर होऊन म्हणाली, की तिच्या ओळखीची एक दुरुस्तीवाली आहे, घरी येते, आणि ती येणार म्हणजे येणार.

ती रात्र काकूंनी झोपेच्या काठावर काढली. नाही दुरुस्त केला तर काम जाणार, आणि दुरुस्त केला तर तो एक शब्द जाणार. मधेच डोळा लागला तेव्हा हेडफोनातला डॉक्टर टेबलाखालून बोलत होता, आणि काका कुठल्या तरी दवाखान्यात सगळ्या खोल्यांची दारं उघडून पाहत होते.

दुरुस्तीवाली दुपारी आली. चाळिशीची, मोकळी बाई, खांद्याला जड पिशवी आणि कपाळावर पट्ट्यानं बांधलेला छोटा दिवा. दुपारी झोपणारे काका आज पलीकडच्या खोलीत पेपर उघडून बसले होते. ती टेबलाखालून डबडं ओढू लागली तसे ते दारात आले आणि तिला म्हणाले, की जुनं यंत्र आहे, फार उघडू नका, उघडलं की बिघडतं. बिघडलंय म्हणूनच तर बोलावलंय ना काका, असं म्हणून ती हसली. काका परत पेपरामागे गेले.

तिनं झाकण काढलं. आत कैक वर्षांची धूळ मऊ होऊन बसली होती. ती ब्रशनं हळूहळू झाडत राहिली, आणि उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण वर चढत गेले. काकू स्टुलावर बसून पाहत होत्या. आपण टाइप केलेली एवढी दुखणी या एवढ्याशा डब्यात राहिली, आणि त्याला त्याचं काहीच नाही, असं काहीबाही त्यांच्या मनात येत होतं. ब्रशच्या आवाजानं डोळे जड झाले.

"काकू, हा आधी कुणी उघडला होता का?"

काकू भानावर आल्या. नाही म्हणाल्या.

दुरुस्तीवालीनं कपाळावरचा दिवा मागच्या बाजूला वळवला. जाडी वायर जिथं खोचतात ती खोबण दोन स्क्रूंनी आवळलेली असते, तिनं दाखवलं. दोन्ही स्क्रू नव्हते. गळून पडले असते तर आतच कुठंतरी खडखडत राहिले असते, ते तिनं शोधून पाहिले होते. मग चिमट्यानं तिनं एक काळी रबरी चकती बाहेर काढली आणि काकूंच्या तळहातावर ठेवली. चकती वाळून चिरली होती.

"ही कंपनीची नाही. हातानं कापलीय. किती गोल कापलीय बघा."

"कशाला?"

"ठिणगी पडू नये म्हणून. धरणाऱ्याला झटका बसू नये म्हणून." ती थोडी थांबली. "हे ढिलं पडलेलं नाहीये काकू. कुणीतरी ढिलं ठेवलंय. फार जपून ठेवलंय. आता हे रबर चिरलं म्हणून मधेच बंद पडत होतं. एरवी अजून कितीतरी दिवस असंच चाललं असतं."

आणि ती सहज म्हणावं तसं म्हणाली, की नुसती वायरच वर टेकवायची होती तर कागदाची एक घडी खोचली असती तरी भागलं असतं.

पलीकडच्या खोलीत पेपरचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

काकू चकतीकडे पाहत राहिल्या. दुपार त्यांच्याभोवती हळूच थांबली. ऊन होतं तिथंच राहिलं, रस्त्यावरचे आवाज लांब गेले, आणि त्यांना आपण पुन्हा विशीतल्या असल्यासारखं वाटलं, एका ऑफिसच्या इमारतीत, दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टमध्ये. दिवा गेलेला. वरच्या फटीतून एक पुरुषी आवाज आला होता, घाबरू नका, मी इथंच आहे. तो आवाज तासभर बोलत राहिला. तुमचं काम काय, टायपिंग कसं शिकलात, बोटांना अक्षरं आठवतात की डोळ्यांना. लिफ्ट हलली, दार उघडलं, तेव्हा हा तेलकट हातांचा मुलगा समोर उभा. एवढं का बोलत होता, असं त्यांनी विचारलं होतं. तर म्हणाला, आमच्या कामाची रीतच आहे ती. आधी अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, यंत्राला हात नंतर. यंत्र थांबून राहतं, माणूस आत धीर सोडतो.

हा माणूस इतकी वर्षं टेबलाखाली शिरत होता. एका शब्दासाठी, तोही सोडा असा. काकूंना आधी लाज वाटली. मग राग आला, की हे धंदे करण्यापेक्षा सरळ तोंडानं बोलायला काय धाड भरली होती. आणि मग त्या एकट्याच तोंडावर पदर धरून हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

दुरुस्तीवालीनं एकदा पलीकडच्या खोलीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. तिला काय समजलं कोण जाणे.

"घट्ट करू ना?" तिनं हलक्या आवाजात विचारलं. "की राहू दे होतं तसं? नवी चकती घालून देते. मधे बंद पडणार नाही."

राहू दे, हे काकूंच्या अगदी ओठांवर आलं. किती सोपं होतं. काम राहिलं असतं, सकाळही राहिली असती. उद्या धरलं, परवा धरलं, आणि जोवर काकांच्या गुडघ्यांत दम आहे तोवर. पण एका माणसानं फरशीवर आडवं पडावं आणि आपण वरून त्याला एक शब्द टाकावा, हे त्यांना आता सोसेना.

"घट्ट करा," त्या म्हणाल्या. पलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या.

नवे स्क्रू बसले. दुरुस्तीवाली गेली. संध्याकाळी ताट ठेवल्याचा आवाज झाला आणि काका जेवायला आले, पण निम्मंच जेवले. काकूंना बोलायचं होतं, पण वाक्यच जुळेना. इतके दिवस दुसऱ्यांची वाक्यं टाइप करून त्यांची स्वतःची वाक्यं कुठंतरी मागे पडली होती. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी मनात दोनचार रचून पाहिली, तर सगळी डॉक्टरांच्या चालीवर येऊ लागली. रुग्णाला पूर्वीपासून ताठरपणाचा त्रास आहे. पलीकडे काका जागे होते. त्यांच्या श्वासावरून ते काकूंना कळत होतं, आणि काकूंच्या श्वासावरून त्यांना.

सकाळ नेहमीसारखीच दुधाळ उगवली. काकू खुर्चीत बसल्या. काका आले. सगळं माहीत असूनही आले. सवयीनं म्हणा, नाहीतर आशेनं म्हणा, टेबलाच्या कडेला हात टेकून ते खाली वाकू लागले.

काकूंनी बटण दाबलं.

पंखा घरघरला. ना काळं पान आलं, ना प्रश्न. कडं एक फेरी फिरलं न फिरलं तोच मुलगी स्क्रीनवर हसत उभी राहिली. काका अर्धवट वाकलेले, तसेच राहिले. पुढं वाकावं तर खाली काही काम नाही, आणि उभं राहावं तर खोलीत काही काम नाही.

"छान झाला की," ते टेबलाच्या पायाला म्हणाले.

"जुने स्क्रू कुठं आहेत?" काकूंनी विचारलं. भिंतीला नाही, खुर्चीला नाही. मान वळवून सरळ त्यांना विचारलं.

चोरी पकडली गेली की माणूस एक तर भांडतो, नाही तर हसतो. काकांना दोन्हींतलं काही जमलं नाही. ते हळूहळू सरळ झाले.

"आहेत."

"कुठं?"

"तुझ्या शिवणाच्या डब्यात."

काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"बटणांच्या कप्प्यात," काका म्हणाले. "वरच ठेवलेत. मला वाटलं, आठवड्याभरात सापडतील तुला. मग विचारशील."

मुलगी गेल्यापासून काकूंनी तो डबा उघडला नव्हता. कपाटात तो आहे एवढं माहीत होतं. त्यांची नजर काकांच्या शर्टावर गेली. छातीवर बटणाच्या जागी एक पिन होती, त्याखाली आणखी एक. कालच्या शर्टालाही होत्या. त्या पिना त्यांना रोज दिसत होत्या, आणि ज्याची बटणं त्यानं बघावी, असं म्हणून त्यांनी रोज डोळे फिरवले होते. बटण तुटलं की ही डबा उघडेल, असा त्या माणसाचा हिशोब होता. एकेक बटण गळत गेलं आणि तो पिना लावत वाट पाहत राहिला.

काकूंनी हेडफोन उचलले होते, ते परत खाली ठेवले.

"तो शर्ट काढा," त्या म्हणाल्या. "बाकीचेही आणा. आणि डबा."

काका दोन पावलं गेले आणि दारात थांबले. पाठ तशीच काकूंकडे होती.

"त्या दिवशी जिन्यात मी पोरीला जे..."

"ते पण बोलू," काकू म्हणाल्या. "बसून बोलू. आधी डबा आणा."

ते गेले. कपाट करकरलं, काहीतरी खाली पडलं, काका स्वतःशीच पुटपुटले. कामाच्या फायली स्क्रीनवर रांगेत उभ्या होत्या. काकूंनी खुर्ची वळवून दाराकडे तोंड केलं.

"कात्री आणू का?" आतून आवाज आला.

"आणा."

"आणि तुझा चष्मा?"

"तोही आणा," काकू ओरडून म्हणाल्या. एवढं ओरडायची काही गरज नव्हती, घर लहानच होतं.